कोंबड्यांचा हिवाळा ऑक्टोबरमध्येच ठरतो

डिसेंबर उजाडला की देशाच्या विज्ञानवार्तांमध्ये एक ठरलेले पान उघडते. एखाद्या जलाशयाच्या काठी स्थलांतरित पक्षी मरून पडलेले आढळतात, कुठे कावळे झाडांखाली पडू लागतात, नमुने भोपाळच्या राष्ट्रीय अतिसुरक्षा पशुरोग संस्थेकडे रवाना होतात आणि काही दिवसांनी ‘एच५एन१’ किंवा ‘एच५एन८’ अशी अक्षरे मथळ्यात झळकतात. २०२०-२१च्या हिवाळ्यात हे सारे एकाच वेळी घडले. हिमाचल प्रदेशातील पोंग धरणाच्या जलाशयावर पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने मेले, राजस्थान व मध्य प्रदेशात कावळे मेले, केरळच्या कुट्टनाड भागात बदके मेली. नकाशे आले, विषाणूच्या उपप्रकारांची चर्चा झाली, स्थलांतराच्या हवाई मार्गांवर लेख आले. या सर्व लिखाणात परसातली कोंबडी मात्र एकाच वाक्यात भेटते: बाधित केंद्रापासून एक किलोमीटरच्या परिघातील पाळीव पक्षी नष्ट करण्यात आले.

त्या वाक्यापर्यंत पोहोचण्याआधी त्या कोंबडीचे काय झाले होते, तिला लस मिळाली होती काय, तिच्या खुराड्यात हवा खेळत होती काय, हे कोणी विचारत नाही. बातमी डिसेंबरची असते आणि प्रश्न ऑक्टोबरचा असतो. परसातील कुक्कुटपालनाची हिवाळ्यापूर्वीची तयारी ही गृहिणीच्या सोयीची बाब म्हणून सोडून देणे सोपे आहे. वस्तुतः देशाच्या रोगदेखरेखीचा पाया त्याच तयारीत आहे, आणि तो आज कच्चा आहे.

आधी आकार लक्षात घ्यावा. २०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटी १८ लाख कोंबडीवर्गीय पक्षी होते. त्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातील होते. २०१२च्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यावसायिक फार्मांवरील पक्ष्यांची जेमतेम साडेचार टक्क्यांनी. परसातली कोंबडी ही मागे पडत चाललेली जुनी रीत आहे, असा नागरी समज असतो. आकडे नेमके उलट सांगतात. मात्र देशातील एकूण अंड्यांपैकी सुमारे १५ टक्केच अंडी परसातून येतात. पक्षी सदतीस टक्के आणि अंडी पंधरा टक्के, या तफावतीचा काही भाग गावठी जातींच्या स्वभावातून येतो, कारण त्या मुळातच कमी अंडी देतात. पण उरलेला भाग मृत्यूचा आहे. अंड्यावर येण्याआधीच मेलेली तलंग कोणत्याही उत्पादनाच्या तक्त्यात दिसत नाही.

आता दोन जुने हिवाळे. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू नोंदला गेला. निदान होण्यापूर्वी तेथील फार्मांवर पक्षी मरतच होते, आणि ती मर राणीखेत रोगाची आहे असेच सुरुवातीला मानले गेले. जानेवारी २००८मध्ये पश्चिम बंगालात बीरभूम व दक्षिण दिनाजपूरपासून सुरू झालेली साथ काही आठवड्यांत राज्याच्या बहुसंख्य जिल्ह्यांत पोहोचली. ती मुख्यतः परसातील कोंबड्यांची साथ होती. दोन्ही प्रसंगी एक गोष्ट समान होती. कोंबड्या पटापट मरणे ही गावाच्या दृष्टीने नवी घटना नव्हती. त्या दरवर्षीच मरत. त्यामुळे या वेळी वेगळे काही घडते आहे हे कळायला वेळ लागला.

राणीखेत हा रोग भारतीय विज्ञानाच्या इतिहासात आपल्या नावानिशी कोरला गेला आहे. १९२६मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो ओळखला गेला. त्यानंतर लवकरच कुमाऊँमधील राणीखेत येथे तो आढळला आणि भारतात ते गावच रोगाचे नाव झाले. मराठीत त्याला मानमोडी म्हणतात, आणि ते नाव अधिक अचूक आहे. विषाणू मज्जासंस्थेवर हल्ला करतो, कोंबडीची मान पिळल्यासारखी वळते, हिरवट हगवण लागते, पंख लोंबतात, आणि लस न दिलेल्या कळपातले बहुतेक पक्षी चार-सहा दिवसांत संपतात. जहाल बर्ड फ्लूची बाह्य लक्षणे याच्याशी इतकी जुळतात की प्रयोगशाळेतील तपासणीवाचून अनुभवी पशुवैद्यही दोहोंत खात्रीने फरक करू शकत नाही. विषाणूशास्त्राच्या दृष्टीने दोघांचे कुळही वेगळे: एक पॅरामिक्झोव्हायरस, दुसरा ऑर्थोमिक्झोव्हायरस. मानमोडीचा विषाणू माणसाला फार तर डोळे येण्याइतका त्रास देतो. दुसऱ्याची गोष्ट निराळी आहे. जुलै २०२१मध्ये हरियाणातील एका लहान मुलाचा एच५एन१ने दिल्लीत मृत्यू झाला, आणि डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूने दगावले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे संकेत आणि गोंगाट यांचा परिचित प्रश्न दिसेल. एखाद्या वस्तीत दर हिवाळ्यात निम्म्या कोंबड्या मानमोडीने मरत असतील, तर मृत्यू हा तेथे गोंगाट आहे. त्यात बर्ड फ्लूचे दहा मृत्यू मिसळले तर कोणाच्याही लक्षात येणार नाहीत, आणि आले तरी कोणी दवाखान्याला कळवणार नाही. याउलट, त्याच वस्तीतल्या सर्व कोंबड्यांना वेळेवर मानमोडीची लस मिळाली असेल, तर जानेवारीतल्या एका सकाळी खुराड्यात पाच मेलेल्या कोंबड्या सापडणे हा ठळक संकेत ठरतो. म्हणजे मानमोडीची लस कोंबडी वाचवते, आणि त्याचबरोबर दुसऱ्या, अधिक घातक रोगाची चाहूल ऐकू येण्याइतकी शांतता निर्माण करते. देखरेखीसाठी विषाणूंच्या जनुकीय क्रमवारीवर खर्च व्हावाच. पण ज्या मृत पक्ष्याचा नमुना कधी पोहोचतच नाही, त्याची क्रमवारी कोण लावणार?

ही लस नवी नाही, महाग नाही, परदेशी तर मुळीच नाही. कुमाऊँमधीलच मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेत १९४०च्या दशकात तिच्यावर काम झाले, आणि मोठ्या पक्ष्यांना टोचली जाणारी ‘आर-२ बी’ ही लस त्याच कामातून आली. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ‘एफ’ किंवा ‘लासोटा’ लसीचा थेंब डोळ्यात वा नाकपुडीत, आणि साधारण आठव्या आठवड्याला आर-२ बीची टोचणी, हे वेळापत्रक कोणत्याही कृषी विज्ञान केंद्राच्या भिंतीवर टांगलेले असते. तरीही आठ कोंबड्या पाळणाऱ्या घरी ही लस का पोहोचत नाही?

उत्तर कुपीत आहे. बाजारात सहज मिळणारी कुपी शंभर, पाचशे किंवा हजार मात्रांची असते. ती बर्फावर ठेवावी लागते. एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. दहा हजार पक्ष्यांच्या फार्मला यात काहीच अडचण नाही. आठ कोंबड्यांच्या धनिणीला मात्र शंभर मात्रा विकत घेऊन ब्याण्णव फेकून द्याव्या लागतात, शिवाय तालुक्यापासून घरापर्यंत बर्फ टिकवावा लागतो. तिने लस टोचून घेतली नाही तर त्याला अज्ञान म्हणण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात तिचा हिशोब बरोबर असतो आणि कुपीचा आकार चुकीचा असतो. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली ‘आय-२’ ही उष्णता अधिक सोसणारी लस मोझांबिक व टांझानियातील गावांत डोळ्यांत थेंब घालून दिली जाते. तेथे लस देणारी व्यक्ती बहुधा गावातीलच असते. भारतात अंडी-मांसाच्या उद्योगासाठी लस बनवण्याची क्षमता भरपूर आहे. उणीव आहे ती आठ कोंबड्यांचे घर हा ग्राहक मानण्याच्या इच्छेची.

लहान कुप्या सर्वत्र मिळेपर्यंत एक उपाय हाताशी आहे: घर नव्हे, तर वस्ती हे लसीकरणाचे एकक मानणे. बारा घरांच्या आठ-आठ कोंबड्या म्हणजे शहाण्णव. एक कुपी, एक सकाळ, एक पशुसखी. ग्रामीण उपजीविका अभियानातून अनेक राज्यांत पशुसखी तयार झाल्या आहेत, त्यांना टोचणी देता येते. यात वेळेचे मर्म आहे. कोंबड्या खुराड्यातून सुटण्यापूर्वी, पहाटे, त्या हाती लागतात. सूर्य वर आला की त्या रानोमाळ पांगतात आणि मग लसीकरणाचा दिवस पाठलागात जातो. सकाळी दहा वाजता येणारी सरकारी मोहीम निम्म्या कोंबड्या चुकवते, ते याचमुळे. शिवाय आर-२ बी ही काहीशी कडक लस आहे. जंतांनी पोखरलेल्या किंवा आजारी पक्ष्याला ती सोसत नाही, म्हणून आठ-दहा दिवस आधी जंतनाशक द्यावे लागते. लसीनंतर प्रतिकारशक्ती तयार व्हायला एक ते दोन आठवडे जातात. हे सगळे दिवस मागे मोजत गेले की तारीख आपोआप ऑक्टोबरवर येते. थंडीची पहिली लाट आल्यावर धावाधाव करून काही उपयोग नसतो.

लसीइतकाच दुर्लक्षित विषय हवेचा आहे, आणि येथे सल्ला देणाऱ्यांचाही थोडा दोष आहे. हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रके दर मंगळवारी व शुक्रवारी निघतात. थंडीच्या लाटेत त्यांत बहुधा एकच ओळ असते: कोंबड्यांना थंडीपासून जपा, खिडक्यांना गोणपाटाचे पडदे लावा. ओळ चुकीची नाही, अपुरी आहे. थंडीपासून जपा एवढे वाचणारा माणूस खुराड्याची प्रत्येक फट बुजवून टाकतो.

पूर्ण वाढलेली, पिसे भरलेली, पोटभर खाल्लेली कोंबडी थंडीने सहसा मरत नाही. तिच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि पिसे फुलवून त्यांच्यात हवा कोंडण्याची तिची युक्ती कोणत्याही रजईच्या तोडीची आहे. काश्मीरची ‘काश्मीर फॅव्हरोला’ आणि उत्तराखंडच्या डोंगरातली ‘उत्तरा’ या नोंदणीकृत जाती हिमालयाच्या थंडीतच वाढल्या आहेत. कोंबडीला मारतो तो ओलावा आणि बंद हवा. पक्ष्यांच्या विष्ठेतील युरिक आम्ल ओल्या तुसात कुजले की अमोनिया निघतो. दशलक्षात २५ भागांच्या पुढे त्याचे प्रमाण गेले की श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची झाडू थांबते, आणि जो जंतू एरवी बाहेर ढकलला गेला असता तो आत मुक्कामाला राहतो. मग शिंका, घरघर, सुजलेले डोळे. पुढची पायरी म्हणजे दुकानातून आणलेले प्रतिजैविक, मात्रेचा पत्ता नाही, मुदतीचा पत्ता नाही. कोलिस्टिन हे माणसांच्या उपचारातले शेवटचे अस्त्र. खाद्य देणाऱ्या प्राण्यांत त्याचा वापर २०१९मध्ये केंद्राला बंद करावा लागला. फार्मांवरच्या प्रतिजैविकांची चर्चा खूप होते. बुजवलेल्या फटीतून सुरू होणारा परसातला वापर नजरेआड राहतो.

खुराड्याची परीक्षा अगदी साधी आहे. पहाटे दार उघडताच, उभ्याने नव्हे तर कोंबडीच्या उंचीला वाकून, आतला श्वास घ्यावा. नाकाला झोंबले तर हवा बिघडली आहे. वाऱ्याचा झोत पक्ष्याच्या अंगावर येऊ नये, पण छताखाली, पक्ष्यांच्या डोक्यावरून, ओली हवा बाहेर जाण्यास वाट असावी. म्हणजे पडदा खाली, फट वर. बसण्याची काठी जमिनीपासून उंच आणि जराशी चपटी असावी, म्हणजे बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली पाय झाकले जातात. तुसाचा थर ऑक्टोबरमध्येच बदलावा, कारण धुक्याच्या पट्ट्यात, म्हणजे पंजाबपासून बिहारपर्यंतच्या मैदानात, डिसेंबर-जानेवारीत तूस वाळवायला ऊनच मिळत नाही. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवली की उवा-गोचिडांचा बंदोबस्त कोंबडी स्वतः करते.

प्रकाशाचा मुद्दा विद्यार्थ्यांना विशेष रुचेल असा आहे. पक्ष्यांना दिवसाची लांबी डोळ्यांनी कळते तशीच कवटीतून झिरपणाऱ्या प्रकाशानेही कळते. मेंदूच्या अधश्चेतक भागात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. दिवस आखडला की प्रजननाचे संप्रेरक मंदावतात, जुनी पिसे झडतात, नवी येतात आणि अंडी थांबतात. भरात अंडी देण्यासाठी कोंबडीला १४ ते १६ तासांचा प्रकाश लागतो. २१ डिसेंबरच्या आसपास श्रीनगरला दिवस दहा तासांहूनही थोडा कमी असतो, पुण्यात अकरा तास, तिरुवनंतपुरमला साडेअकराहून अधिक. त्यामुळे एकाच जातीची कोंबडी काश्मीरमध्ये महिनोन्महिने अंडे देत नाही आणि केरळात तिच्या धनिणीला फरक जाणवतही नाही. ‘कोंबडी खाते पण अंडे देत नाही’ ही हिवाळी तक्रार खगोलशास्त्रीय आहे, हे एकदा कळले की तिच्यावर औषध शोधण्याचे थांबते.

मग खुराड्यात दिवा लावावा काय? व्यावसायिक शेडमध्ये लावतात. दहा कोंबड्यांच्या घरी तो आग्रह धरू नये. वीज अनियमित असेल तर हा उपाय अंगाशी येतो: चार आठवडे दिवा, मग आठवडाभर अंधार, की कोंबडी ऐन थंडीत पिसे टाकते आणि उघडी पडते. पिसे नवी येत असताना शरीराला प्रथिने हवी असतात. त्या काळात अंड्यांची अपेक्षा न धरता मूठभर पेंड, वाळवी, स्वयंपाकघरातले उरलेसुरले डाळीचे दाणे घालणे हा शहाणपणाचा खर्च आहे. संध्याकाळी खुराडे लावण्यापूर्वी थोडा मका किंवा ज्वारी दिली तर रात्रभर पचनाची ऊब मिळते. म्हातारी, आजारी आणि जास्तीचे नर पावसाळ्याअखेर कमी करावेत. हिवाळ्यात खाणे जास्त लागते आणि रानात किडे-मुंग्या कमी सापडतात, म्हणून पंधरा अर्धपोटी कोंबड्यांपेक्षा नऊ धष्टपुष्ट परवडतात. हा निर्णय मनाला जड जातो, पण तो दसऱ्याला घेतला तर त्याचे पैसे होतात. जानेवारीत तो रोग घेतो.

पिल्लांचे गणित मात्र वेगळे आहे, आणि येथे सरकारी योजनांशी वाद घालणे भाग आहे. पिल्लाला पहिले काही आठवडे स्वतःचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी चालते. गावठी खुडूक कोंबडी ही ऊब फुकट देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा व ग्रामप्रिया, आसामची कामरूपा, झारखंडची झारसीम, राजस्थानची प्रतापधन या सुधारित जाती हे देशातील संशोधकांचे खरे यश आहे. त्या परसात फिरतात, खरकट्यावर जगतात आणि गावठीपेक्षा कितीतरी अधिक अंडी देतात. पण अंडी वाढवण्यासाठी केलेल्या निवडीत खुडूकपणा जवळजवळ गळून गेला. म्हणून पिल्ले ‘मदर युनिट’मध्ये चार आठवडे वाढवून मग घरोघर द्यायची, अशी व्यवस्था आखली गेली. कागदावर ती उत्तम आहे. प्रत्यक्षात वाटपाची तारीख पिल्लाच्या पिसांवरून न ठरता निधीच्या वर्षावरून ठरते. मदर युनिटच्या दिव्याखाली वाढलेले चार आठवड्यांचे पिल्लू डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झारखंडच्या पठारावर एखाद्या उघड्या ओसरीत उतरवले, तर त्याचे काय होईल हे सांगायला संशोधनाची गरज नाही. घरातली माणसे मग शेगडी पेटवून खोली बंद करतात. कोळशाच्या धुराचा विषारी वायू पिल्लांना आणि माणसांना सारखाच घातक असतो.

राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१-२२पासूनची नवी रचना तर किमान एक हजार मूळ पक्ष्यांचा फार्म, उबवणी केंद्र व मदर युनिट उभारणाऱ्या उद्योजकाला ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. उद्योजक यावेत, पिल्लांचा पुरवठा वाढावा, याला कोणाचाच आक्षेप नसावा. पण या साखळीत मोजले जाते ते वाटलेले पिल्लू. फेब्रुवारीत किती जिवंत आहेत, हा रकाना नाही. जे मोजले जात नाही त्याची काळजी कोणी घेत नाही, हा प्रशासनाचा जुना अनुभव येथेही लागू आहे. वाटपानंतर पहिल्या हिवाळ्याअखेरची जिवंत संख्या हीच योजनेच्या यशाची मोजणी ठरवली, तर पिल्ले सप्टेंबरपूर्वी किंवा फेब्रुवारीनंतर वाटली जातील, त्यासाठी वेगळे परिपत्रक काढावे लागणार नाही.

बर्ड फ्लूपुरता एक अवघड प्रश्न उरतो. तज्ज्ञ सांगतात की हिवाळ्यात परसातील पक्षी बंदिस्त ठेवा, पाणथळीकडे जाऊ देऊ नका. शास्त्र त्यांच्या बाजूने आहे: विष्ठेतील एच५एन१ विषाणू ३७ अंशांना सहा दिवस टिकतो, तर ४ अंशांना किमान ३५ दिवस. परंतु परसातल्या कोंबडीचे सारे अर्थकारण तिच्या भटकण्यावर उभे आहे. तिला तीन महिने कोंडले तर दिवसाला सुमारे शंभर-सव्वाशे ग्रॅम विकतचे खाद्य लागेल आणि अंडी तर थांबलेलीच असतील. असा सल्ला पाळला जात नाही, आणि न पाळला जाणारा सल्ला वारंवार दिल्याने पाळता येण्याजोगे सल्लेही विश्वास गमावतात. जलाशयाकाठच्या गावांनी निदान बदके व कोंबड्या एकत्र ठेवू नयेत, कोंबड्यांना तलावाचे पाणी न देता घरचे द्यावे, मेलेला रानपक्षी हाताळू नये, बाजारातून परत आलेली न विकलेली कोंबडी लगेच कळपात सोडू नये. एवढे करता येते. पोंग, चिल्का किंवा कुट्टनाडच्या काठी हे नियम काटेकोर असावेत. पाणथळीपासून दूर असलेल्या मराठवाड्यातल्या वाडीला त्याच धाकात ठेवण्याचे कारण नाही.

आणि कळवण्याचे काय? मेलेल्या तीन कोंबड्यांची खबर देणाऱ्या बाईला ठाऊक असते की निदान झाले तर तिच्याच नव्हे, शेजारणींच्याही कोंबड्या जातील. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र व राज्य मिळून देतात, पण तपासणीपूर्वी मेलेल्या पक्ष्यांचे तिला काही मिळत नाही, आणि शेजाऱ्यांचा रोष मात्र लगेच मिळतो. पश्चिम बंगालात २००८मध्ये लोकांनी कोंबड्या लपवल्या, घाईने विकल्या, त्यामागे हाच हिशोब होता. लसीकरणाच्या निमित्ताने ऑक्टोबरमध्ये घरी येऊन गेलेली, कोंबड्यांची संख्या वहीत लिहून गेलेली पशुसखी जानेवारीत पुन्हा आली, तर तिला खरे सांगितले जाण्याची शक्यता अनोळखी पथकापेक्षा कितीतरी अधिक. त्या वहीमुळे भरपाईचा वादही मिटतो, कारण किती पक्षी होते याचा पुरावा आधीच तयार असतो.

परसातले कुक्कुटपालनच रोगाचे घर आहे, ते हळूहळू बंद व्हावे, असे मत शहरी वर्तुळांत अधूनमधून ऐकू येते. बत्तीस कोटींच्या जवळ पोहोचलेला आणि व्यावसायिक फार्मांपेक्षा दसपट वेगाने वाढणारा कळप मतप्रदर्शनाने नाहीसा होत नाही. शिवाय या कळपाचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हाती राहतो. वही-पेन, बसभाडे, तापाचे औषध यासाठी नवऱ्याकडे हात न पसरता विकता येणारी ती एकमेव वस्तू असते. तेव्हा प्रश्न तो असावा की नसावा हा नाही. त्याची हिवाळ्यापूर्वीची सकाळ कोणत्या तारखेला ठरवायची, हा आहे.

तारीखही देशभर एक असू शकत नाही. काश्मीर खोऱ्यात लस, जंतनाशक आणि तुसाचे काम सप्टेंबरअखेर उरकायला हवे. कुमाऊँ-गढवालात दसऱ्यापर्यंत. बंगालात दुर्गापूजेच्या सुटीपूर्वी, कारण त्यानंतर कर्मचारी सापडत नाहीत. झारखंडात सोहराय हा गुराढोरांचाच सण असतो. गोठे सारवले जातात त्याच आठवड्यात खुराडेही साफ करून लस देता येईल. बिहारात छठपूर्वी, महाराष्ट्रात दिवाळीच्या साफसफाईबरोबर. पशुसंवर्धन खात्याच्या मोहिमांची दिनदर्शिका एप्रिलमध्ये आखली जाते. या वर्षीची कोणाच्या टेबलावर असेल, तर तिच्यात हे रकाने अजून घालता येतील.